शहाळ्याखालची रेघ

वडिलांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. नगरच्या दवाखान्यात आठ दिवस काढून त्यांना घरी सोडलं, तेव्हा सिस्टरनी डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात दिलं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आई आपोआप बाजूला सरकली. वॉर्डात गर्दी होती, तरी सिस्टरनी मला एकेक गोळी दाखवली. पाणी किती, मीठ किती, तेही सांगितलं. शेवटी एका ओळीखाली पेनानं रेघ मारली : शहाळं, केळी, फळांचे रस बंद. त्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं, म्हणाल्या. मला ते समजलं होतं. मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी वेगळं सांगितलं.

खर्ड्याला घरी पोचलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरली आत्या भेटायला आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कोण जातं? तिनं एसटीनं चार शहाळी आणली होती. मी कार्ड काढून चाचरत सांगितलं, की डॉक्टर नको म्हणालेत.

“चार बुकं काय शिकली, आता बापाचं पानी तोडती व्हय गं?”

सगळे हसले. वडीलही हसले. मोजून पाणी पिऊन ते कंटाळले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्डाची घडी घातली आणि आत्याला कोयता आणून दिला.

रात्रीपर्यंत दोन शहाळी संपली, सकाळी उरलेली दोन. दुपारी त्यांना पाय उचलेनात. जीपमधून नगर गाठेपर्यंत आई त्यांची छाती चोळत होती. ते वाचले, पण थोडक्यात. आईकडून शहाळ्यांचं कळल्यावर डॉक्टरांनी बाहेर येऊन मला विचारलं, शहाळं द्यायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं का? कार्ड घाईत घरीच राहिलं होतं. त्याच सिस्टर शेजारी उभ्या होत्या.

“नाही,” मी म्हणाले.

डॉक्टर त्यांना सगळ्यांदेखत बोलले. सिस्टरनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ‘सॉरी सर’ म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

खरं सांगायचं ठरवून मी त्या आठवड्यात तीनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. तिन्ही वेळा परत आले.

पुन्हा घरी सोडलं, तेव्हा सिस्टरनी आईला स्टुलावर बसवलं. एकेक गोष्ट सांगून तिच्याकडून परत म्हणून घेतली. आई बोटांवर मोजत म्हणाली, “शहाळं न्हाई, केळं न्हाई. नणंदबाई रुसल्या तरी न्हाई.”

सिस्टर हसल्या. कार्ड त्यांनी आईच्याच हातात दिलं. मी शेजारीच उभी होते. मला त्यांनी काही विचारलं नाही.