हीटरवरची अंडी

आमची डोंबिवलीची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही मानपाड्याला भाड्याच्या वन बीएचकेत राहायला आलो. निम्मं सामान नणंदेकडे टाकलं, पण सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, माशांची टाकी आली. टेम्पोत पुढच्या सीटवर मांडीवर झाकणाची बादली घेऊन बाबा बसले होते. बादलीत एंजल माशांची जोडी.

बाबा रिटायर्ड शिक्षक. सासूबाई गेल्यापासून एंजलची पिल्लं वाढवण्यातच त्यांचा दिवस जायचा. हा मासा वाळूत अंडी घालत नाही. त्याला उभी, गुळगुळीत जागा लागते, रुंद पान किंवा दगड. बाबा शाळेची दगडी पाटी, चौकट काढून, टाकीत तिरकी उभी करायचे. जुन्या घरी मादी त्या पाटीवर ओळीने अंडी चिकटवायची.

नव्या घरात टाकी हॉलमध्ये दाराशेजारी ठेवली, दुसरीकडे जागाच नव्हती. जोडी पाटीकडे फिरकेना. एका संध्याकाळी मी ठाण्याहून ऑफिसातून आले तर बाबा टाकीसमोर स्टुलावर बसलेले.

"अगं, हीटरच्या नळीवर घातली."

सकाळपर्यंत ती पांढरी पडली. शिजली होती.

पुढच्या वेळी बाबांनी हीटर काढला, तर जोडीने फिल्टरच्या नळीवर अंडी घातली आणि स्वतःच खाऊन टाकली. मग टाकीत कुंडी ठेवून झाली, प्लास्टिकचं पान लावून झालं. दर वेळी पाणी बदलायचं. क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, आणि बाबांना वजन उचलायची बंदी. बादल्या माझ्या. नवरा नोकरीला पुण्यात, शनिवारी यायचा.

"सारखी ये-जा आहे ना इथे," बाबा म्हणाले. "घाबरलेली जोडी अंडी टिकू देत नाही."

"मग कुठे ठेवायची टाकी?"

त्यांनी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. मागितलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

रविवारी टाकी आत आली. खिडकीपाशी माझी खुर्ची होती. ऑफिसातून आल्यावर तिथे पाय वर घेऊन मी नुसती बसायचे. ती गॅलरीत गेली. खिडकीला जाड पडदा लागला.

आणि जोडीने पाटीवर अंडी घातली.

"लाइट लावू नकोस हं, अचानक उजेड पडला की खातात," बाबा दारातून कुजबुजले.

मग मी माझ्याच खोलीत चाचपडत कपाटातून कपडे काढू लागले. एकदा भलत्याच ड्रेसची ओढणी घेऊन ठाण्याला गेले, ते ऑफिसात मैत्रिणीने सांगितलं तेव्हा कळलं. अंडी फुटली. पाटीवर बारीक शेपट्या वळवळत होत्या. एखादं पिल्लू सुटून खाली पडलं की नर ते तोंडात धरून परत पाटीवर थुंकायचा. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून मी ते पाहिलं. छान होतं. पण पाहताना मला फक्त झोप येत होती.

"बाबा, मी फार दमलेय," मी बाहेर येऊन म्हटलं.

"माहितेय गं."

दुसऱ्या दिवशी परतले तर शेजाऱ्यांना बोलावून बाबांनी आपला दिवाण टाकीजवळ आत नेलेला, माझी गादी हॉलमध्ये. "तू इथे झोप. हवा तेवढा उजेड कर." मी नको म्हणाले नाही.

बरीच पिल्लं मेली. जी वाढली ती पुढे मी पिशवीत घालून बसने टेंभी नाक्याजवळच्या दुकानात देऊन आले. पिशवी मांडीवर सांभाळताना मानेला कळ लागली.

काही आठवड्यांनी बाबांनी आतून हाक मारली, "अगं, परत घातली बघ, पाटीवरच."

मी ट्यूबलाइट लावून आडवी पडले होते. "हो का," म्हटलं आणि उठले नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी भरायला स्वतःच लहान तांब्या घेऊन मोरीकडे गेले.