चौथं बोट

घरात विंचू निघाला की आम्हाला चप्पल लागायची, दामूमामाला तांब्या लागायचा. विंचवावर तांब्या उपडा घालायचा, खालून पळसाचं पान सरकवायचं आणि तो ऐवज दोन्ही हातांत धरून सावकाश कुंपणापलीकडे न्यायचा, ही त्याची रीत. सोडताना वर दम भरायचा, "जाय बे आता, अन् पुन्हा आला तं पाह्य!" विंचू पुन्हा यायचा. मामा पुन्हा तांब्या घ्यायचा. माझी आई करवादायची, "दामूदादा, एखांद्या दिवशी चावन तुले." तो म्हणायचा, "चावला होता ना मागं. त्यानं काई मी विंचू झालो नाई."

मामा सख्खा नव्हे. मूळचा आईच्या माहेरगावचा माळी, पण आमच्याच गावात राहिलेला, आणि त्याचा मळा आमच्या शेताला लागून. गाव आमचं मेहकरच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठी. तरुणपणी तो बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर बागेत कामाला होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, साहेब लोकांचा मुक्काम आज इथे तर उद्या कुठे. त्या साहेबाची बदली ब्रह्मदेशात झाली आणि गुलाबाच्या कलमांबरोबर त्याने मामालाही नेलं. तिथे बंगल्यामागे विहार होता. मामा फुलं पोचवायला जायचा आणि एक म्हातारा भिक्खू त्याला मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत बुद्धाची शिकवण सांगायचा. काही वर्षांनी परत आला तो सगळी डोक्यात घेऊनच. गावात या प्रकाराला नाव नव्हतं. नवस नाही, बकरं नाही, गंडादोरा नाही. लोक म्हणाले, दामूवर तिकडे कोणीतरी करणी केली.

त्याच्याकडे चार गोष्टी होत्या आणि त्या तो एका दमात म्हणायचा. "दुःख हाये. दुःखाले कारन हाये. कारन गेलं का थे थांबते. थांबवाची वाट हाये. झालं, संपलं शास्त्र!"

"कारण काय पण, मामा?" मी विचारायची.

"मले पाह्यजे, मले पाह्यजे. अन् हे माहं, थे माहं. दुसरं काय?"

"आणि वाट?"

"नीट पाहाचं, नीट बोलाचं, नीट पोट भराचं... आठ नीट हायेत बाप्पा. तुले नाई झेपाचे. तू आपली पाच बोटं सांभाय."

ही पाच बोटं त्याने मला आणि त्याच्या यमुनेला शिकवली होती. यमुना त्याची एकुलती एक, माझ्याच वयाची. करंगळीपासून सुरुवात. जीव मारू नये. दिल्याबिगर घेऊ नये. वाईट चालीनं वागू नये. खोटं बोलू नये. शेवटचा अंगठा तोंडाकडे नेऊन तो पिण्याची नक्कल करायचा आणि आम्ही हसून लोळायचो. चौथ्या बोटाशी, म्हणजे तर्जनीशी, माझं मात्र कधी जमलं नाही. मी सराईत खोटं बोलायची. त्याचेच पेरू खाऊन त्यालाच माकडांचं नाव सांगायची. तो माझी तर्जनी चिमटीत धरून म्हणायचा, "हे बोट तुहं लंगडं हाये, पोरी." यमुना मात्र खरं सांगून मार खायची. बापावर गेली होती.

तत्त्व सांभाळताना त्याची फजितीही व्हायची. एका वर्षी वांग्यांवर अळ्या पडल्या. मारायच्या नाहीत म्हणून मामा त्या वेचून टोपलीत भरायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सोडून यायचा. धुऱ्यापलीकडे आमची वांगी. चारच दिवसांत माझे वडील टोपली घेऊन त्याच्या दारात. "दामू, ह्या तुह्या पाहुन्या तू पोस!" मामा ओशाळला. मग त्याने मळ्यातली एक ओळ अळ्यांना सोडून दिली. मला म्हणाला, "दुसऱ्याच्या धुऱ्यावर नेऊन टाकलं म्हंजे गेलं असं नसते व माय. फकस्त आपल्याले दिसत नाई." वांगी त्याची निम्मी गेली. मामी आठवडाभर त्याला वांग्याचीच भाजी वाढत राहिली, अळीची वेचून वेचून.

यमुनेला नदीपलीकडच्या वाडीत दिली. आमच्या काठावर उभं राहून हाक मारली तर ती ओ द्यायची, इतकं जवळ. ती बाळंत होऊन, मुलगा घेऊन सासरी परत गेली आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात पटकी आली.

आज ज्यांनी पटकी पाहिली नाही त्यांना काय सांगावं? सकाळी पाणी भरणारी बाई संध्याकाळी नसायची. गावाने मग जुना उपाय काढला. मरीआईचा गाडा सजवायचा, त्यात देवी बसवायची आणि वाजतगाजत दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. मागे वळून बघायचं नाही. शिवेजवळच्या नदीच्या डोहात अंघोळ करून परतायचं. रोग देवीबरोबर गेला. आमच्यापुढची शीव वाडीची. डोहही दोन्ही गावांचा एकच. उन्हाळ्यात वाडीची विहीर आटायची आणि ती माणसं त्या डोहाचंच पाणी प्यायची.

मामा दारोदार फिरला. "गाडा न्यायचा तं न्या बाप्पा, पन डोहात उतरू नका. हा रोग पान्यातून जाते, म्या पाह्यला तिकडं." कोणी ऐकेना. पाटील म्हणाले, "तुही पोरगी तिकडं हाये म्हनून बोलून राह्यला तू."

"हाव, हाये ना," मामा म्हणाला. "बाकीच्याही कोनाच्या तं हायेत."

यमुनेला घेऊन यावं म्हणून नदी ओलांडायला गेला, तर वाडीची माणसं काठ्या घेऊन उभी. रोगाच्या गावातलं कुत्रंही ते येऊ देत नव्हते आणि बाळाच्या आईला त्या गावात पाठवतही नव्हते. त्यांचं तरी काय चुकलं?

तेव्हा आईने तोड काढली. "दामूदादा, लोक देवीबिगर कोनाचं ऐकत नाई. आंगात आली म्हन. दोन हिसके दे अन् सांग का गाडा हालवू नका. सारं गाव ऐकन."

"खोटं सांगू?"

मामी तोवर कोपऱ्यात होती. ती उठली आणि तिने नवऱ्याचे पाय धरले. "माह्या लेकरासाठी सांगा हो." मामाने आपल्या तर्जनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सांगतो."

पारासमोर गाव जमलं होतं, गाडा जुंपलेला. मामा फेटा काढून मध्ये गेला आणि घुमायला लागला. वाईट घुमत होता, मला तर रडू फुटत होतं, पण लोकांनी हात जोडले. पाटलांनीही जोडले. वाजंत्री थांबली. "गाडा..." मामा म्हणाला. एवढ्यात गर्दीतून धुरपता पुढे आली. त्याच आठवड्यात तिची दोन्ही लेकरं गेली होती. तिने मामाच्या पायांवर डोकं घातलं. "माय व, मरीमाय! माहे दोन्ही काऊन नेले व तुनं? काय चुकलं माहं, सांग ना!"

मामाचं घुमणं थांबलं. त्याने काहीतरी सांगायला हवं होतं. काहीही. नवस राहिला म्हण, विटाळ झाला म्हण, मी तर दहा कारणं सांगितली असती! तो खाली बसला, तिचं डोकं उचललं आणि म्हणाला, "मी देवी नाई व माय. मी दामू हाये. तुहं काई नाई चुकलं."

पुढचं कोणी ऐकलं नाही. गाडा निघाला. शिवेवर सोडला, माणसं डोहात उतरली, अंगं घासून धुतली आणि मागे न बघता परत आली. मामा तेवढा मागे बघत तिथेच उभा राहिला.

वाडीत तीन-चार दिवसांत पटकी लागली. यमुनेचं कळलं ते पैलतीरावरून. तिच्या दिराने हाताचा कर्णा करून ओरडून सांगितलं. यमुना गेली, पोरगा बरा हाये. मामा-मामींना पलीकडे जाऊ दिलं नाही. आमच्या काठावर उभं राहून त्यांनी धूर पाहिला. मामी त्यानंतर मामाशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. तिला बोलतं करणं कोणाच्याने झालं नाही. माझ्या आईच्याने नाही, माझ्याने तर नाहीच.

मला त्याचा इतका राग आला होता! मळ्यात जाऊन मी त्याला ओरडून म्हटलं, "म्हणा ना आता तुमच्या चार गोष्टी!"

तो वाफ्याला पाणी देत होता. "दुःख हाये," तो म्हणाला. "दुःखाले कारन हाये." त्याने पुढचं घेतलं, "कारन मले ठाऊक हाये. पारापुढं मी खाली बसलो." तिसरी गोष्ट त्याने म्हटलीच नाही. त्यानंतर कधीच म्हटली नाही. विंचवांना मात्र तांब्याच लागत राहिला.

तो गेला तेव्हा मी माहेरपणाला आले होते. खाटेवर अगदी चिपाड झाला होता. मामी उशाशी, गप्पच. मला बघून म्हणाला, "म्हन व पोरी, चारही."

मी त्याच्यासारखं एका दमात म्हणायला गेले. "दुःख आहे. दुःखाला कारण आहे. कारण गेलं की ते थांबतं..."

त्याने माझी तर्जनी पकडली. "थांबते?" लहान मुलाने विचारावं तसं विचारलं. "खरं सांगजो. थांबते?"

मामीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला काय ठाऊक होतं? यमुना जाऊन इतकी वर्षं झाली होती आणि त्या काठावरून चालताना मला अजून तिची ओ ऐकू यायची.

"हाव मामा," मी म्हटलं. "थांबते."