आगबोटीची साखळी

२०१९ साल, माझं वय चौऱ्याहत्तर. दहाव्या वर्षापासून मी देवीपुढं हात जोडले नव्हते. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळं लिहिण्यात चुकेन, पण घडलं तेच लिहितो.

आमच्या आंदर मावळात धरणाच्या पाण्यावर माझ्या लहानपणी एक लहान लाकडी आगबोट चालायची. भट्टीत लाकडं घालणारा आणि बोट हाकणारा माझा बाच. देवीचं देऊळ पलीकडच्या काठाला. नवरात्रात तिथून पेटती जोत पायी आणायची आमची रीत. मी दहा वर्षांचा होतो त्या वर्षी लोकांनी ती बोटीतून आणायची ठरवली. बा नको म्हणाला, लाकडाची बोट, त्यात वारा. लोक म्हणाले, देवीची जोत आपल्याला जाळंल व्हय? गावच्या धक्क्याला लागता लागता जोतीच्या ठिणगीनं बोटीचं छप्पर पेटलं. माणसं उतरली, बा उतरला नाही. बोट मधोमध जाऊन जळाली, बुडाली आणि बा तिच्याबरोबर गेला. गाव म्हणालं, त्यानंच भट्टी जास्त पेटवली, दोर जळाला, बोट वाहत गेली. आई सांगायची, वारा गावाकडं होता, आपली गवती घरं पेटू नयेत म्हणून त्यानं बोट लांब नेली. कुणी ऐकलं नाही. जोतीला दोष द्यायला जीभ कुणाची रेटणार? मी मात्र पुढं माझ्या घरात देवापुढं दिवा लावू दिला नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. बोटीचं काही दिसतंय का बघायला मी गाळात उतरलो. काठावर म्हशी चारणारी बाई ओरडली, "आबा, फुडं जाऊ नका. वरनं वाळलंय, खाली चिखूलच हाय."

"तू तुझ्या म्हशी बघ," म्हणालो आणि थोडं पुढं जाताच मांडीपर्यंत रुतलो. धडपडलो तसा कमरेपर्यंत. बाई दावं आणायला पळाली. छातीला गाळ लागला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, देवीआई, बाला नेलंस, आता मला पण नेतीस काय? प्रार्थना कसली, भांडणच होतं ते. आणि हात टेकायला गेलो तर गाळात लोखंड लागलं. साखळी होती. ओढली, हलली नाही. तिलाच धरून एकामागं एक हात टाकत मी वर आलो.

बाई आली तेव्हा मी साखळीला कवटाळून पडलो होतो. "आबा, आता ह्या दाव्याचं काय करू?" म्हणाली. ते माझ्या कमरेला बांधून, दुसरं टोक हातात धरून ती माझ्याबरोबर साखळीच्या कडेकडेनं आली. एका टोकाला काळाठिक्कर बॉयलर, दुसऱ्या टोकाला बोटीचा नांगर, वरचा दांडा तेवढा दिसत होता, बाकी गाळात खोल रुतलेला. मी तिला बाची हकीकत सांगितली. नांगराकडं बघत ती म्हणाली, "व्हात गेलेली बोट नांगर टाकती व्हय, आबा?"

नांगर टाकायला माणूस लागतो. जळती बोट वाऱ्यानं गावाकडं परत येऊ नये म्हणून बानं ती तिथं खोल पाण्यात जखडली होती. तो नांगर इतकी वर्षं तसाच धरून होता, म्हणून मी वाचलो. एवढ्या गाळात माझा हात तिथंच कसा पडला, ते मला सांगता येत नाही. आता मी ते विचारतही नाही. आयुष्यभर मूठ आवळून बसलो होतो. ती उघडली, तेव्हा कुठं धरायला काही मिळालं.

संध्याकाळी गाव नांगर बघून गेलं. म्हातारी माणसं काठावर चपला काढून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीच्या देवळात गेलो. तिथल्या समईवर पणती लावून घेतली आणि वाऱ्याला हाताचा आडोसा करत, धरणाच्या काठाकाठानं, पायी घरी आणली.