तारीख न मिळालेली बाई

राऊत वकील गेल्याचा फोन आला, तेव्हा मी, त्यांची ज्युनिअर, पालघरच्या कोर्टात त्यांनीच लिहिलेला अर्ज हातात घेऊन बसले होते. बाहेर जाऊन फोन घेतला, परत आले. पुकारा झाला आणि मी उभी राहिले... साहेबांनी हेच सांगितलं असतं.

अर्ज विलंबमाफीचा होता. अपील मुदतीत केलं नाही तर आधी उशिराचं कारण द्यावं लागतं. ते पटलं तरच अपील ऐकलं जातं. आमच्याकडे हे कारण बहुधा आजारपण असतं. जयवंतीबाईसुद्धा तेच ठरवून आमच्या बोईसरच्या ऑफिसात आल्या होत्या. डोंगराकडचा त्यांचा भाताचा तुकडा खालच्या कोर्टाने चुलत दिराचा ठरवला होता.

"मी आजारी होते असं लिवा."

"होतात का आजारी?" साहेबांनी विचारलं.

"नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवून चहा मागवला. मग खरं ते बाहेर आलं. इतकी वर्षं प्रत्येक वेळी कोर्टाने पुढची तारीख दिली आणि बाई वीटभट्टीवरची मजुरी बुडवून हजर राहिल्या. निकालाच्या दिवशी मात्र कुणीच तारीख दिली नाही. "तारीख देतील मग जाऊ, म्हणून आमी थांबलो." दिराने शेतात नांगर घातला, तेव्हा निकाल लागल्याचं त्यांना कळलं.

हे टिकणार नाही, डॉक्टरचा दाखला जोडू, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, "कोर्टाची एवढी वर्षं गेली, त्याला कुणी विलंब म्हटलं नाही. बाईंचा एक पावसाळा गेला, त्याची माफी मागायची. मागू. पण खोटं सांगून नाही." अर्जात बाईंचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं गेलं.

तेव्हापासून निकाल लागला तरी साहेब पक्षकाराला एक तारीख द्यायचे, स्वतःची. "आता माझ्या कोर्टात हजर राहायचं," असं चिडवायचे.

फोन आला त्या दिवशी न्यायाधीशांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि अर्ज मंजूर केला. व्हरांड्यात बाईंना मी आधी ते सांगितलं, मग दुसरं. त्या म्हणाल्या, "साहेबांनी सोमवारी बोलावलंय."

सोमवारी मी ऑफिस उघडायला गेले, तर त्या पायरीवर बसलेल्या. साहेबांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. तिच्यासमोर त्या थोडा वेळ बसल्या. उठताना खुर्चीकडेच बघत त्यांनी विचारलं, "आता कवा येऊ?"

मी तारीख दिली.