खापरच्या वरातीत फझ पेडल

नाही, तुमच्या मोबाईलमधलं अ‍ॅप तसं वाजत नाही. बास. फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने दाबायची डबी, हे मलाही माहितीये. त्यासाठी नंदुरबारला, तेही मार्चमध्ये, कोण जातं? मी गेले.

पुण्याहून रात्रीची बस. सकाळी नंदुरबारबाहेर मिरच्या वाळत पडलेल्या, अख्खी बस शिंकली. पुढे एसटीने तळोदा, अक्कलकुवा, खापर. पाणी भरून घ्या. शेवभाजी कमी तिखट सांगा, तरी तिखटच येते.

कॉलेजचा मित्र गुलाब इथल्या लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. बँड टेम्पोवर, मागे लोक हात धरून रांगेत नाचतात. त्याच्या फझमधले ट्रान्झिस्टर जुने, जर्मेनियमचे. तापले की आवाज मरतो. बँडमालक दिलीपभाऊंनी त्याच्या जागी न तापणारा नवा डिजिटल प्रोसेसर आणलेला.

"आज नाच थांबना, ते हाई डबडं कायमनं पेटीमा," त्यांनी गुलाबला बजावलं. म्हणजे नाच थांबला की फझ बाद.

गुलाबने डबी प्लास्टिकमध्ये घालून ओल्या गोणपाटात गुंडाळली, माठाला टेकवली.

"नवरीपेक्षा हिन्हीच सरबराई!" ढोलवाला म्हणाला.

"नवरीले ऊन चालस. हिले नही."

वरात निघाली. दोन गाण्यांत डबी तापलीच. आवाज घशात अडकला, रांग ढिली पडली. भाऊंनी प्रोसेसर जोडला. स्वच्छ, गोड आवाज. रांग थांबलीच! गुलाब नुसता तारांकडे बघत राहिला.

तेवढ्यात नवऱ्याच्या मावशीने टेम्पोवर थाप मारली. "ओ भाऊ, हाई काय शाळानी घंटी वाजाडी ऱ्हायनात? पहिलाच आवाज लावा!"

भाऊंनी प्रोसेसरची वायर काढली. गुलाबने उडी मारली, रसवंतीवरून टॉवेलभर बर्फ आणला, त्यात डबी ठेवली. सगळे भर रस्त्यात वाट बघत उभे. मग पहिला सूर असा करकरला की मावशीने माझाच हात ओढला आणि मी रांगेत.

"ऱ्हाऊ दे तुन्हं डबडं," भाऊ शेवटी म्हणाले. "पण बर्फ तुन्हा खर्चानी."

घरी येऊन आठवडा झाला, खांदा अजून दुखतोय. माझ्या खोलीत माझा फझ पंख्याखाली मस्त वाजतो, पण त्याच्यासाठी रस्त्यात कुणी ताटकळत नाही. आत्ता गुलाबचा फोन आला: शनिवारी तोरणमाळला लग्न आहे, डोंगरावर गार असतं, बर्फ लागणार नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते खाली लिहून ठेवा. माझी बस लागलीये, मी चालले.