नमुन्यातले दगड

हे मी कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांत माझी अजून इज्जत आहे आणि ती मला प्यारी आहे — असला माणूस आहे मी.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकरोडजवळच्या एका वीजकेंद्रात मी केमिस्ट होतो. रेल्वेच्या वाघिणींतून आलेला कोळसा तपासायचा — ओल किती, आच किती, जळून राख किती उरते. कोळसा कसला? निम्मे दगडमाती. आणि आमचे अधीक्षक — बुटांना काळं लागेल म्हणून वाघिणीकडे न फिरकणारे — राख जास्त निघाली की माझ्यावर खेकसायचे. जणू ती मीच आणून घातली होती.

नमुना पगारे नावाचा मजूर घ्यायचा. सायखेड्याहून सायकलवर यायचा. वरवरचा कोळसा उचलायचा नाही, हातभर खणून आतला काढायचा, त्याचा ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे — हा नियम त्यानं कधी मोडला नाही. मोडला मी. नमुना दळण्याआधी मी त्यातले दगड वेचू लागलो, तांदळातले खडे वेचावेत तसे. राख कमी, कागद स्वच्छ, खेकसणं बंद. एकदा पगारेनं पाहिलं. म्हणाला, "साहेब, दगडबी वाघिणीतूनच आलाय. मी घरून नाय आणला." मी त्याला झाडलं. बी.एस्सी. झालेल्याला हा शिकवणार?

पुढे बॉयलरमधली आग वरचेवर विझू लागली. कागदावर कोळसा उत्तम — मग आग का विझते? चौकशी लागली. अधीक्षक म्हणाले, नमुनाच चुकीचा घेतला असणार, ही माणसं मन लावून काम करतात कुठे. 'ही' म्हणजे कोण, ते खोलीत सगळ्यांना कळलं. पगारे बौद्ध होता. मलाही कळलं. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "साहेबांना इचारा. त्यांना ठाऊक हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक खरं वाक्य पुरे होतं. मी काय म्हणालो? "नमुना पगारेच घेतो." यात खोटं काही आहे का? एक अक्षर नाही. इतकी हुशारी होती माझ्याकडे — तिची आज मला किळस येते.

त्याला बॉयलरखालची राख उपसायला पाठवलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच. पापण्यांपर्यंत राखेनं माखलेला दिसायचा, पुढे पुढे खोकायचा. कोळसा तसाच येत राहिला आणि मी दगड वेचत राहिलो — हो, त्यानंतरही. नमुना घ्यायला आलेला नवा माणूस काही बोलत नसे. मला बढती मिळाली.

फाटकाशी गाठ पडली की पगारे नमस्कार करायचा. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. आणि मी मान हलवून तो घ्यायचो — रोज, अगदी साहेबासारखा.