भरताची पंगत आणि भाच्याचं पहिलं ताट

थंडी पडली की धुळ्याच्या माणसाला कोणी ना कोणी शेतात भरीत खायला बोलावतंच. यंदा नानाने, म्हणजे माझ्या भावाने बोलावलं. गाव पारोळ्याच्या वाटेवर. मी आणि माझा मुलगा तेजस सकाळच्या एसटीने निघालो. रस्ता चांगला आहे. बायकांना अर्धं तिकीट.

फाट्यावरून शेत दहा मिनिटं चालत. जाणार असाल तर नाश्ता करू नका आणि नवे कपडे घालू नका. वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर भाजतात. तो धूर दोन धुण्यांत जात नाही.

वांगी भाजता भाजता नाना आमच्या अहिराणीत म्हणाला, "कल्याणीनं कालेज सोमवारपासून बंद. धुळाना स्टँडवर टवाळ पोरं तरास देतस."

कल्याणी ही त्याची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने धुळ्याला येणारी. ती वांगी उलटत होती. मी तिला माझ्या आईचाच सल्ला दिला, "लक्ष द्यायचं नाही गं. हे चालायचंच."

"मी नई देत, आत्या," ती म्हणाली. "त्या पोरं देतस."

आमच्या खान्देशात भाचा म्हणजे देव. मामा त्याच्या पाया पडतो, पहिलं ताट त्याचं. नाना तेजसच्या पाया पडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, पातीचा कांदा, सगळं आलं. कल्याणी भरीत घेऊन आली आणि वाढायची थांबली. तिने तेजसकडे बोट दाखवलं.

"नाना, त्या पोरेसमा हाऊ बी शे. बोलत नई, नुसता हासस. आता मनं कालेज बंद करा आन याले भरीत वाढा."

माझा तेजस तसला नाही, असं मी म्हणणारच होते. पण तो ताटाकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं शे का रे?" नानाने विचारलं. मग तो कल्याणीला म्हणाला, "सोमवारे कालेजले जाय."

भरीत उत्तम होतं, असं ऐकलं. आम्ही लवकर निघालो. एसटीत तेजस म्हणाला, "आई, मी तर काहीच केलं नाही."

सोमवारी त्याला घेऊन मी स्टँडवर गेले. कल्याणी उतरली. तिला बघून त्याचा एक मित्र काहीतरी बोलला. तेजस हसला नाही, बोललाही नाही. आई म्हणून मला तेवढ्यानेच हायसं वाटलं. कल्याणी मात्र पुढे गेली नाही. तेजससमोर उभी राहून, तो मित्राला काय बोलतो याची वाट बघत राहिली.